ॲलेक्स कमाल आमच्या इंदूरचाच! (मंगळ, माळवा आणि लांब गेलेली माणसं)

मालवी_मंगळ (धागाकर्ता)

स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत. 'द एक्स्पान्स', 'डार्क' किंवा जुनं 'स्टार ट्रेक' ज्यांना कोऱ्या पाटीने बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं आणि राजवाड्यावर जाऊन पोहे खावेत.

तर मुद्दा असा. टीव्हीवरच्या विज्ञानकथांमध्ये माणसं पृथ्वी सोडून जातात, वस्त्या करतात, लढाया करतात. पण जाऊन दोनशे वर्षं झाली की त्या माणसांचं काय होतं, हे 'द एक्स्पान्स'इतकं कुणालाच कळलेलं नाही. पुरावा म्हणून मी एकच माणूस उभा करतो: ॲलेक्स कमाल, रोसिनान्टे या जहाजाचा पायलट. चेहरा आपल्या बाजूचा, जन्म मंगळावरच्या मरिनर व्हॅलीचा आणि बोलणं थेट टेक्ससच्या गुराख्याचं. पहिल्या भागात ऐकलं तेव्हा वाटलं, नटाला कुणी सांगितलं कसं नाही? नंतर कळलं की मरिनर व्हॅली वसवायला भारतीय, चिनी आणि टेक्ससवाले एकत्र गेले होते. हेल टेक्ससवाल्यांचा टिकला आणि सगळ्यांच्याच तोंडी बसला. आता तिथे चेहरा पाहून हेल ओळखता येत नाही आणि हेल ऐकून चेहरा.

आता आमच्याकडे बघा. मल्हारराव होळकर बाजीरावांच्या काळात माळव्यात आले, अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार केला, १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. या सगळ्यात शिलेदार आले, कारकून आले, पुजारी, वैद्य, धनगर, शिंपी, सगळे आले. त्यांची पोरं म्हणजे आम्ही. मी पुण्यात रिक्षात बसून दोन वाक्यं बोललो की रिक्षावाला आरशातून बघतो. घरी मात्र तेच मराठी, तोच हेल, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

इथपर्यंत गंमत झाली. माझी खरी थिअरी पुढे आहे. तिसऱ्या सीझनच्या शेवटी कडी, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांकडे जायचं दार, उघडते, तेराशेच्या वर नवी जगं मिळतात आणि चौथ्यात मंगळाचं स्वप्न मोडतं. मंगळ हिरवा करायचा, हवा भरायची, आपण नाही तर नातवंडं तरी उघड्यावर श्वास घेतील, या एका कामापायी अख्खी जमात पोटाला चिमटा काढून जगत होती. आता श्वास घ्यायला तयार आकाश दुसरीकडे फुकट मिळतंय. बॉबी ड्रेपर, जी मंगळाच्या मरीन दलाची सर्वोत्तम सैनिक, ती युद्धनौका भंगारात तोडायच्या कामावर लागते. मालिका म्हणते, मंगळ आता रिकामा होणार.

मी म्हणतो, मरिनर व्हॅली रिकामी होणार नाही. कारण इंदूर झालं नाही. ज्या कामासाठी आमचे लोक आले ते काम १९४८ला संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हाच संपलं. ना दरबार राहिला, ना पागा. तरी आम्ही आहोतच. वस्ती कामासाठी उभी राहते, पण टिकायला तिला काम लागत नाही. शेजार लागतो. मालिकेच्या लेखकांना हेल कळला, पण हे कळलं नाही, अशी माझी तक्रार आहे.

हाणा आता.


स्नेहलतागंज

गराडू घेऊन बसलोय. चालू द्या भिया.


पेठेतला_पाहुणा

मालवी, लिहिलंय छान, पण अख्खी इमारत एका खांबावर उभी केलीत. ॲलेक्सला हेल आहे, मान्य. बॉबी मंगळाचीच, तिला का नाही? खरी मेहनत घेतली आहे ती लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांवर. त्यांच्यासाठी निक फार्मर या भाषा जाणकाराने वेगळी बोली रचली. ती माणसं हातवारे करून बोलतात, कारण स्पेससूटमध्ये चेहरा दिसत नाही आणि मान हललेली कळत नाही. कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्याने त्यांची हाडं लांब आणि ठिसूळ. हे झालं 'लांब गेलेल्या माणसांचं काय होतं' याचं उत्तर. ॲलेक्स म्हणजे तोंडी लावणं.

आणि पुण्याचे रिक्षावाले सगळ्यांकडेच आरशातून बघतात. तुम्ही एकटे नाही.


मालवी_मंगळ

बॉबी मरिनर व्हॅलीची नाहीच, हाच तर मुद्दा! सगळा मंगळ एकसारखा बोलत नाही. ग्वाल्हेरचा मराठी माणूस आणि इंदूरचा मराठी माणूस शेजारी बसवा. दोघेही पेशव्यांच्याच फौजांबरोबर उत्तरेत आलेले, पण पाच मिनिटांत कोण शिंद्यांकडचा आणि कोण होळकरांकडचा ते सांगतो मी तुम्हाला.

बाकीच्या मालिकांत एक ग्रह म्हणजे एक स्वभाव. हा लढणाऱ्यांचा ग्रह, तो व्यापाऱ्यांचा, तिसरा तर्कवाल्यांचा. अख्ख्या ग्रहावर एक शेजारचं गाव नाही ज्याच्याशी यांचं पटत नाही. असला ग्रह मला दाखवा, मी तिथे एक सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ स्थापन करून देतो. पुढच्या वर्षी तिथे दोन मंडळं असतील.


पट्ट्याबद्दल सहमत. पण पट्ट्यातल्या लोकांचं शरीर बदललं म्हणून ते वेगळे झाले. ॲलेक्सचं काहीच बदललं नाही, तरी तो वेगळा झाला. मला ते जास्त अवघड वाटतं.


बीमलाइन

शहराच्या त्या टोकाला, जिथे राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या कणत्वरकात इलेक्ट्रॉन १७२ मीटर परिघाच्या कड्यात गरगर फिरतात, तिथल्या माणसाकडून दोन शब्द. (हो, तीच जागा. नाही, वास देत नाही. नाही, कृष्णविवरही तयार होत नाही. दर लग्नात विचारतात म्हणून आधीच सांगून टाकलं.)

मालवी, शेजारावर वस्ती टिकते हे इंदूरला लागू आहे, कारण इंदूरला हवा फुकट आहे. निर्वात नळ्या सांभाळणं काय असतं ते मी रोज बघतो. एक गॅस्केट बसेना तर सगळं थांबतं. मंगळावर उलटं आहे, आत हवा आणि बाहेर जवळपास काहीच नाही, पण दुखणं तेच. घुमट, सील, पंप, फिल्टर आणि ते दुरुस्त करणारा माणूस. तो माणूस कडीतून पलीकडे गेला की शेजाऱ्याच्या प्रेमावर प्राणवायू येत नाही. अशा वस्तीला लोकसंख्येची एक खालची मर्यादा असते. तिच्याखाली गेलात की उरलेले लोक राहायचं म्हणाले तरी राहू शकत नाहीत. मालिका इथे बरोबर आहे.

जिथे चुकली ते वेगळंच. सेरेस, पट्ट्यातला सगळ्यांत मोठा गोळा. कथेत सेरेसला गरगर फिरवून आत पृथ्वीच्या तीस टक्क्यांच्या आसपास वजन तयार केलंय. सेरेसचा व्यास साधारण ९४० किलोमीटर. एवढ्या वजनासाठी त्याला सुमारे ४० मिनिटांत एक फेरी मारावी लागेल. आज तो नऊ तासांत मारतो. त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तीन टक्केच. म्हणजे त्याला धरून ठेवणारी ओढ एक आणि बाहेर फेकणारी दहापट. दगड आणि बर्फाचा गोळा आहे तो, पोलादाचा नाही. सेरेसची भेळ होईल.

पण त्या खोट्या सेरेसवर त्यांनी एक पक्षी उडवलाय पहिल्याच भागात. पंख अगदी सावकाश हलवतो आणि हवेत तरंगतो. कमी वजनात पक्षी तसाच उडेल. तिथला पोलीस मिलर दारू ओततो तेव्हा धारही वाकडी पडते, कारण जमीन फिरतेय. एक मोठी थाप आधी मान्य करून घ्यायची आणि मग तिच्या आत एकदाही खोटं बोलायचं नाही, हे मला भयंकर आवडतं.


जुना_अँटेना

बीमलाइन, नमस्कार. तुमचं वय काय ते माहीत नाही, पण मी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' बघितलेला माणूस आहे. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. स्पॉकचे कान कळायचे. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि तो ज्यांच्याकडे होता त्या काकूंना जहाजाच्या दाराचा आवाज फार आवडायचा.

त्यानंतर आपल्याकडचं 'स्पेस सिटी सिग्मा' आलं, 'इंद्रधनुष' आलं, १९९८च्या सुमारास मिलिंद सोमणचं 'कॅप्टन व्योम' आलं. पुठ्ठ्याची यानं होती, पण आमची यानं होती. आता हसतात पोरं.

एक विचारतो. तुम्ही सगळे विज्ञान विज्ञान करताय, पण 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उभी राहतात ते काय होतं?


बीमलाइन

ते पैसे नव्हते काका! १९६६ साली दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. म्हणून माणसांनाच चमकवून खाली पाठवलं. नंतरच्या मालिकेच्या वेळी लोकांनी विचारायला सुरुवात केली की अनिश्चिततेच्या तत्त्वाचं काय, तर त्यांनी यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग घातला. तो कसा चालतो असं मायकल ओकुडा या त्यांच्या कलाविभागातल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, उत्तम चालतो. यावर मी अजून काही बोलू शकलेलो नाही.


तिसरी_घंटा

'द एक्स्पान्स'मधल्या, पृथ्वीच्या सरकारातल्या अवसरलाबाईंबद्दल कुणीच कसं बोलेना? मी ही मालिका त्यांच्यासाठी बघितली. ती भूमिका करणाऱ्या शोहरे अग़दाशलू मूळच्या तेहरानच्या, आवाज असा की खर्जातला तंबोरा. साड्या, दागिने, आणि तोंडात शिव्या. आपल्या नाटकांत अशी बाई लिहिली असती तर दुसऱ्या अंकात तिला पश्चात्ताप करायला लावला असता.

आणि तिची ओळख काय करून दिलीय! पहिल्याच भागात पट्ट्यातल्या एका कैद्याला पृथ्वीवर आणून नुसतं टांगून ठेवलंय. मारहाण नाही, काही नाही. पृथ्वीचं वजनच त्याला पिळतंय. नातवाशी खेळणारी आजी हे करते.

मालवी, तुमच्या थिअरीत ही बसवा. जी राहिली तिने साडी टिकवली. जो गेला त्याचा हेल गेला. दोघांची मुळं एकाच देशात, पण मालिका कुठेही त्यांना गळ्यात गळा घालून 'अरे, तुम्ही पण?' असं करायला लावत नाही. हे मला फार खरं वाटलं. नात्याची आठवण दोनशे वर्षं पुरत नाही हो.


सयाजीबाग

बडोद्याहून. जरा मोठा प्रतिसाद आहे, माफी नाही मागत.

मालवी, तुम्ही 'स्टार ट्रेक'ला फार लवकर निकालात काढलंत. 'एक ग्रह, एक स्वभाव' ही टीका ठीक आहे, पण त्याच मालिकेने वर्फ दिला. तुमच्या ॲलेक्सपेक्षा वर्फ आपला आहे, कसा ते सांगतो. क्लिंगॉन, म्हणजे परग्रहावरच्या लढवय्या जमातीचं पोर, आईबाप हल्ल्यात मेले, रोझेन्को नावाच्या रशियन वळणाच्या मानवी जोडप्याने वाढवला. आजूबाजूला एक क्लिंगॉन नाही. मग त्याने काय केलं? क्लिंगॉनपण वाचून, ऐकून, घोकून अंगात भिनवलं. सन्मान, प्रतिज्ञा, विधी, सगळं तंतोतंत. आणि मोठा झाल्यावर खऱ्या क्लिंगॉनांच्या दरबारात जाऊन बघतो तर तिथे कारस्थानं, लाचखोरी, खोटे आरोप. ज्यांच्याकडून हे यायला हवं होतं ते केव्हाच सोडून बसलेत आणि हा एकटाच परातीत दिवा लावून उभा.

आमच्या बडोद्यात हे घरोघरी आहे. आमच्याकडे गौरी-गणपतीचं जे सोवळं होतं ते बघून मुंबईचे पाहुणे चाट पडायचे. त्यांच्याकडे ते दोन पिढ्यांपूर्वी संपलं होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही की संपलंय. आम्ही आपले सयाजीरावांच्या काळात जे होतं ते धरून बसलो.

आणि शेवट बघा. 'डीप स्पेस नाइन'मध्ये, १९९९ साली, त्याची सहकारी एझ्री डॅक्स वर्फला तोंडावर सांगते की तुझं साम्राज्य आतून मेलंय आणि तू, सगळ्यांत सच्चा माणूस, तेही सगळं खपवून घेत आलास. मग तो क्लिंगॉनांच्या प्रमुखाला, चॅन्सलर गावरॉनला, द्वंद्वात मारतो, प्रमुखपदाचा झगा हातात येतो आणि तो स्वतः न घालता मार्टोक या सेनापतीच्या अंगावर घालतो. बाहेर वाढलेल्या माणसाने मूळ घर साफ केलं आणि किल्ल्या दुसऱ्याकडे देऊन बाजूला झाला. तुमच्या ॲलेक्सने मंगळासाठी एवढं केलं का?


पेठेतला_पाहुणा

सयाजीबाग +१. वाचनखूण साठवली.

याच 'स्टार ट्रेक'मध्ये कॅप्टन पिकार्ड आहे. फ्रान्सचा माणूस, घरी द्राक्षांचे मळे, आणि बोलतो अस्सल इंग्रजांसारखा, पितो अर्ल ग्रे. त्याच्यावर कुणी थिअरी लिहिली नाही ती. तिथे खरोखरच फक्त नट इंग्रज होता.


मालवी_मंगळ

सयाजीबाग, दंडवत. पण वर्फने माझी थिअरी पडत नाही, उलट तिची दुसरी बाजू दिसते.

वर्फ एकटा वाढला. ज्याला चूक दाखवायला शेजारी दुसरा कुणी नाही, त्याला पुस्तकात लिहिलंय ते सगळंच पाळावं लागतं. काय सोडलं तरी चालतं ते पुस्तक सांगत नाही, ते आत्या सांगते. ॲलेक्स वस्तीत वाढला. आत्या, मामा, गल्ली, सगळं होतं. म्हणून तो ढिला आहे, विनोदी आहे, लझान्या करतो, मंगळाच्या झेंड्याबद्दल छाती फुगवत नाही. एकट्याने जपलेलं कडक होतं, चारचौघांत जपलेलं मऊ पडतं. तुमच्या सोवळ्याचंही हेच असेल. तुमचा वाडा एकटा पडला असणार, बघा विचारून.

आणि ॲलेक्सने मंगळासाठी काय केलं हा प्रश्न बोचला. वीस वर्षं नौदलात काढली त्याने. पाचव्या सीझनमध्ये बायको-मुलाला भेटायला परत जातो तेव्हा त्याला तिथे जागा नाही. ज्या गावाचा हेल तोंडात आहे त्या गावात त्याचं कुणी नाही. याच्यावर एक सबंध भाग करायला हवा होता. त्यांनी दोन प्रसंगांत उरकलं आणि लगेच बंदुका काढल्या.


बीमलाइन

अवांतर, पण इथेच सांगायला हवं. तुमच्या दोन्ही मालिकांत एक समान माणूस आहे. नरेन शंकर, कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी. तो आधी पिकार्डवाल्या 'स्टार ट्रेक'मध्ये विज्ञान सल्लागार आणि लेखक होता आणि पुढे 'द एक्स्पान्स'चा कर्ताधर्ता. म्हणजे वर्फ आणि ॲलेक्सचं भांडण घरातलंच आहे.


स्नेहलतागंज

घरातलं म्हणताय तर 'डॉक्टर हू'चं पण घ्या. २३ नोव्हेंबर १९६३ला त्याचा पहिला भाग लागला, तो दिग्दर्शित केलेला वारिस हुसेन लखनौत जन्मलेला. आणि मूळ घर सोडलेला, परत जाता न येणारा, दर काही वर्षांनी चेहरा आणि बोलणं बदलणारा पण आतून तोच राहणारा नायक तिथेच जन्मला. तो चेहरा बदलणंही नट आजारी पडला म्हणून सुचलेलं! २०१८मध्ये त्यांनी फाळणीवर एक भाग केलाय, पंजाबातल्या एका लग्नाचा. राक्षस दिसतात ते राक्षस नसतात. एवढा एकच बघितलात तरी चालेल.

गराडू संपले. मूग भजी मागवलीत.


रात्रपाळी

'डार्क' राहिलं. सगळे लांब गेलेल्यांबद्दल बोलताय, 'डार्क' ही न गेलेल्यांची गोष्ट आहे. विंडेन नावाचं जर्मनीतलं गाव, एक अणुभट्टी, एक गुहा, आणि चार घराणी जी पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडत नाहीत. परिणाम? एक बाई आपल्याच मुलीची मुलगी निघते. भूतकाळात जायचं यंत्र हा तर निव्वळ बहाणा आहे. त्या लोकांनी एकदा जरी नोकरीसाठी गाव सोडलं असतं तर सगळा गुंता सुटला असता. तिसऱ्या सीझनचा शेवटही पाहिलात तर सुटका तेव्हाच होते जेव्हा एक कुटुंब परत फिरतं.

आणि ३३ वर्षांचं चक्र. मालिकेत सांगतात की ३३ वर्षांनी चंद्र-सूर्याचा मेळ बसतो. इंदुरात हे सांगायला जर्मन मालिका कशाला हवी? मोहरम घ्या. आमच्या आजोबांनी होळकरांचा सरकारी ताजिया उन्हाळ्यात पाहिलेला, पावसातही पाहिलेला, थंडीतही. तो सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी यायला साधारण ३३ वर्षंच लागतात.


बीमलाइन

रात्रपाळी, कमाल केलीत. हिशेब करून बघितला: ३३ सौर वर्षं म्हणजे १२,०५३ दिवस, ३४ चांद्र वर्षं म्हणजे १२,०४८ च्या आसपास. फरक पाच दिवसांचा. आपण साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास अधिक मास घालतो म्हणून दिवाळी उन्हाळ्यात जात नाही. म्हणजे विंडेनकरांना अधिक मास माहीत असता तर मालिका तिसऱ्या भागात संपली असती. जावयांचं वाण तेवढं वाढलं असतं.


तिसरी_घंटा

मग 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'वर पण बोलूनच घेते. २००४च्या मालिकेचं शीर्षकसंगीत ऐकलंय ना? गायत्री मंत्र आहे तो, चक्क. पहिल्यांदा रात्री कानात गेला आणि मी अंथरुणात उठून बसले. देव ग्रीक, मंत्र आपला, लढाई यंत्रांशी.

पण शेवट! सुरुवातीला पन्नास हजारांच्या आसपास माणसं वाचलेली, फळ्यावर आकडा लिहितात आणि दर भागाला पुसून कमी करतात. अप्रतिम. शेवटी चाळीस हजारांच्या आत उरतात आणि पृथ्वीवर पोचल्यावर ठरवतात की जहाजं सूर्यात ढकलू, औषधं-यंत्रं सोडू आणि पाचपन्नासच्या टोळ्या करून रानात पांगू. चाळीस हजारांत एक माणूस उठून 'माझ्या इन्सुलिनचं काय' विचारत नाही? आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायला तीन सभा लागतात.

मालवी, तुमच्या थिअरीला हा शेवट खोटा वाटायला हवा. वस्ती स्वतःहून अशी विरघळत नाही.


मालवी_मंगळ

खोटाच वाटतो. माणसं सगळं सोडून देतात, पण सगळे एकाच दुपारी सोडत नाहीत.


पोहे_जलेबी_प्रोटोमॉलिक्यूल

नमस्कार, मी इथे वाचत असते, लिहीत नाही. लोकमान्य नगरात राहते, पुढच्या महिन्यात बंगळुरूला जॉइन होतेय.

मालवी काका, तुमचा मंगळ मला आवडला, पण कडी उघडून किती वर्षं झाली ते तुम्हाला दिसत नाहीये. आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये मराठी मुलं-मुली जेवढे होते त्यातले बहुतेक पुणे, बंगळुरू, आणि काही तर पार कॅनडात. आमच्या गल्लीत संध्याकाळी जे दिसतात ते सगळे साठीच्या पुढचे. शेजार आहे, पण शेजारी दारावर कुलूप आहे. आई म्हणते, चावी आपल्याकडेच असते, कुंड्यांना पाणी घालायला.

मला वाईट नाही वाटत आहे, प्लीज कुणी सांत्वन करू नका. मला फक्त म्हणायचंय की तुम्ही ॲलेक्सकडे 'मागे राहिलेल्यांचा माणूस' म्हणून बघताय. तो तर मालिका सुरू होण्याआधीच निघालाय. बर्फ वाहून नेणाऱ्या कॅन्टरबरी जहाजावर नोकरी करत होता. मरिनर व्हॅली आपल्याला पडद्यावर धड दिसतही नाही. ती फक्त त्याच्या बोलण्यात आहे.


पेठेतला_पाहुणा

...

हे लिहायला तुम्ही इतके दिवस का थांबलात?


जुना_अँटेना

पोरी, जा आणि मजा कर. पुण्यात आलीस तर माझ्या भाचीचा पत्ता देतो, व्यनि कर. सांत्वन नाही हे, पत्ता आहे.


मालवी_मंगळ

प्रोटोमॉलिक्यूल, उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण तुमचा मुद्दा सरळ आहे आणि मला वाकडं उत्तर द्यायचं नव्हतं.

जाणारे जाणार. माझा धाकटा भाऊही गेलाय. मी म्हणतोय ते इतकंच की 'बहुतेक गेले' आणि 'रिकामं झालं' यांत फरक आहे, आणि मालिका तो करत नाही. तिला मंगळ म्हणजे एक तर महासत्ता नाही तर भंगार. मधलं काहीच नाही. मधलं म्हणजे नाटकाच्या प्रयोगाला पहिल्या चार रांगा भरणं. गणपतीला ढोल वाजवायला बंगाली आणि सिंधी पोरं येणं, आणि त्यांनीच पुढच्या वर्षी अध्यक्ष होणं. मरिनर व्हॅलीत पण शेवटी हेच झालं असणार. भारतीय कमी झाले असतील, टेक्ससवाले निघून गेले असतील आणि एक दिवस तो हेल चिनी आडनावाची पोरं बोलत असतील. मला ती वस्ती बघायची होती. लेखकांनी कॅमेरा तिकडे नेलाच नाही.

बीमलाइन म्हणतील की प्राणवायू कुठून आणणार. आणा हो कुठून तरी, मालिकेतलं ते काल्पनिक इंजिन, एपस्टाइन ड्राइव्ह, आणलंत तसा.


बीमलाइन

एपस्टाइन ड्राइव्ह मी नाही आणला! पण त्याचा हिशेब तुमच्या बाजूने जातो, म्हणून सांगतो. पृथ्वी-मंगळ सरासरी अंतर २२.५ कोटी किलोमीटर धरा. अर्ध्या वाटेपर्यंत पृथ्वीइतक्या वजनाने वेग वाढवत जायचं, मग जहाज उलटं फिरवून तेवढ्याच जोराने कमी करत यायचं. साडेतीन दिवसांत पोहोचाल. एक तृतीयांशाच्या आसपास वजनाने गेलात तरी आठवड्याच्या आत. म्हणजे मंगळ सोडून गेलेला माणूस सणाला घरी येऊ शकतो. कडीचा पल्ला मात्र महिन्यांचा, म्हणजे कडीपलीकडे गेलेला येत नाही. बंगळुरूहून इंदूरला थेट विमान आहे. तुमची थिअरी विमानावर टिकेल, शेजारावर नाही.


जुना_अँटेना

तो ॲलेक्स शेवटी कसा मेला ते कुणी नीट सांगेल का? जावई म्हणतो झटका आला. एवढ्या पुढच्या काळात?


बीमलाइन

हो काका, पक्षाघात. खूप जोरात वेग वाढवला की शरीर कित्येक पट जड होतं, रक्त नको तिथे साठतं आणि मेंदूतल्या वाहिन्यांवर ताण येतो. म्हणून पायलटला खुर्चीतच औषध टोचतात. ते प्रत्येक वेळी पुरेलच असं नाही, हे मालिका पहिल्या सीझनपासून सांगत आलीये. पाचव्याच्या शेवटी रोसिनान्टेवरच्या सहकारी नाओमीला वाचवायला निघाले तेव्हा नाही पुरलं. न लढता, खुर्चीत, काम करताना गेला.


सयाजीबाग

माझ्या घरात 'स्टार ट्रेक'शिवाय काही लागत नाही. आता हे बघायला कुठून सुरुवात करू? सौ. म्हणतात पहिला भाग फार अंधारा आहे.


मालवी_मंगळ

पहिल्यापासूनच करा, मधून शिरलात तर कोण कुणाच्या बाजूला तेच कळणार नाही. पहिले तीन भाग अंधारेच आहेत आणि संथ आहेत, सौ. बरोबर बोलतायत. चौथ्यात मंगळाच्या मोठ्या युद्धनौकेवर हल्ला होतो तिथपर्यंत दम धरा, त्यानंतर त्याच रिमोट मागतील. तिसऱ्या सीझननंतर आधीच्या वाहिनीने मालिका बंद केली होती. चाहत्यांनी ॲमेझॉनच्या ऑफिसवरून बॅनर लावलेलं विमान उडवलं आणि २०१८च्या मे महिन्यात ती वाचली, त्यामुळे चौथ्यापासून रंगढंग जरा बदलतो, घाबरू नका.

आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवा, ॲलेक्स पुटपुटतो.